बाटलीचं गाऱ्हाणं

चहा आधी संपवा, मग सांगतो. माझ्या अकलेची ही गोष्ट ऐकताना माणसाला ठसका लागतो, आणि तुम्ही बसलात ती चादर आमच्या हिने कालच धुतली आहे.

तर मी गिरणवाला. रत्नागिरीतून पावसच्या रस्त्याला लागलात की वळणावर जांभ्याचं एक खोपट पिठाने पांढरं झालेलं दिसतं ना, ती माझी गिरण. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. पण गिरणवाल्याला शाळा हवी कशाला? सगळी वाडी डबा घेऊन माझ्याच दारात येते. तांदळाचं दळण बंद होऊन नाचणी सुरू झाली की समजावं, घरात शुगर शिरली. दळण एकदम निम्म्यावर आलं की समजावं, सुनेने चूल वेगळी मांडली. डॉक्टरला रक्त काढावं लागतं, मला नुसतं डब्याचं झाकण काढलं की पुरतं!

अशी माझी विद्वत्ता. आता तिची धूळधाण ऐका.

आमच्या माडीवरच्या खोल्यांत मृणाल म्हणून एक मास्तरीण भाड्याने राहायला आली. तिशीतली, हायस्कुलात विज्ञान शिकवायची. आई-वडील देवरुखकडच्या गावी. पोरगी गुणाची. भाडं वेळेवर, जिन्यात केर नाही, आमच्या हिला 'काकू', मला 'भाऊकाका'. एखाद्याचं समाधान झालं असतं. पण माझं नाक पडलं लांब!

पहिली गोष्ट माझ्या नजरेत भरली ती बाटली. स्टीलची, झाकणाची. बाई शाळेत निघाली, बाटली हातात. दळण टाकायला आली, बाटली काखेत. दोन वाक्यं बोलली की एक घोट. मध्येच जीभ जड व्हायची, शब्द टाळूला चिकटल्यासारखे यायचे. डोळे लाल. पर्समधून बारीकशी कुपी काढून डोळ्यांत थेंब टाकायची. सकाळी जिना उतरताना कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत. आणि तोंडात सदानकदा काहीतरी चघळणं चालूच.

आता तुम्हीच सांगा. हातात बाटली, डोळे लाल, जीभ जड, पाय लटपटते, आणि वास लपवायला तोंडात गोळी. एवढ्यावरून शेंबड्या पोरालासुद्धा काय कळेल?

मला तर शेंबड्या पोराच्याही आधी कळलं.

"अगो, ही पिते," मी हिला म्हटलं.

"काय पिते?"

"दूध पीत असेल! बाटलीतून, दिवसभर!"

"अहो, पाणी असेल."

"पाण्याने डोळे लाल होतात? आणि समोरचा दात बघितलास का तिचा? पडलाय. हसताना हात धरते तोंडावर. बाकीचेही हिरडीपाशी काळे. या वयात दात आपोआप पडतो? पिऊन आपटली असणार कुठेतरी."

ही भाकरी थापत होती. तिने वर न बघता म्हटलं, "तुमचे पण पडलेत की मागचे. तुम्ही कुठे आपटलात?"

या बाईला तर्कशास्त्र म्हणून काही नाही! माझे दात पडले ते वयाने. आणि माझे डोळे लाल असतात ते पिठाने. गिरणीत उभं राहून बघा, पीठ नाकात जातं आणि शिंकांची माळ लागते. त्यासाठी मी मेडिकलवाल्याकडून शिंकेची गोळी आणतो आणि रोज घेतो. डॉक्टरला विचारायचं कशाला? डॉक्टर काय गिरण चालवतो? घसा कोरडा पडतो म्हणून जात्याशेजारी कोकम सरबताची काचेची बाटली भरून ठेवतो आणि दिवसभर घोट घोट घेतो. कष्टाच्या माणसाचं असं असतं. तिचं निराळं. ती शिकलेली ना!

बरं, हे सगळं मी मनातच ठेवलं असतं. अगदी शपथेवर सांगतो, ठेवलं असतं. म्हणजे हिला, शेजारच्या नानांना, गुरवाला आणि नारळवाल्याला सोडून कुणाला बोललो नव्हतो.

तेवढ्यात तिचं लग्न ठरत आलं. निखिल नावाचा मुलगा, अंजनवेलच्या बाजूला वीज कंपनीत नोकरीला, घर चिपळूणला. मुलगा-मुलीची पसंती झालेली, सुपारी फुटायची बाकी. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मुलीच्या घरी पोहे खायचे आणि चौकशी शेजारी करायची. मुलाला वडील नव्हते, घरात शब्द चालायचा मामांचा. ते एका सकाळी थेट माझ्या गिरणीत.

पट्टा चालू, पीठ उडतंय, माझ्या शिंका चालू. मामा बाकावर बसले. पांढरा सदरा, आवाज खर्जातला, नजर अशी की दळणातला खडा बाहेरूनच दिसावा.

"मुलगी कशी आहे?"

"सोन्यासारखी," मी म्हटलं.

इथेच थांबलो असतो तर हा किस्सा झाला नसता आणि तुमचा चहाही गरम राहिला असता. पण मामा म्हणाले, "पण?"

मी 'पण' म्हटलंच नव्हतं हो! त्यांनीच तो पुढे सरकवला, पाट सरकवावा तसा. आणि कुणी पाट मांडला की मला बसल्याशिवाय राहवत नाही. मी शिंकलो, डोळे पुसले, जीभ टाळूला चिकटली होती म्हणून सरबताचे दोन घोट घेतले आणि आवाज उतरवून म्हणालो, "पण बाटलीशिवाय तिचं पान हलत नाही. तुम्ही मोठी माणसं, समजून घ्या."

मामा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग माझ्या बाटलीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी मनात म्हटलं, वा, काय मन लावून ऐकतो हा माणूस!

"समजलं," म्हणाले आणि उठले.

त्यानंतर चिपळूणहून निरोप आला: 'घरात बोलून कळवतो.' कळवतो म्हणजे काय, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. मृणाल गप्प झाली. डोळे आणखी लाल. ही म्हणाली, "रडते हो पोरगी." मी म्हटलं, "रडत नाही, प्रमाण वाढलंय!" बघा, बुद्धी एकदा उतरणीला लागली की तिला ब्रेक नसतो.

तरी पण मला तिची दया आली. खरंच आली. परक्या घरची लेक आपल्या छपराखाली वाया चाललीय, आपलं काही कर्तव्य आहे की नाही? आणि शिमगा जवळ आलेला. देवाची पालखी घरोघरी येते, अंगणात गुरव गाऱ्हाणं घालतो, त्या घरचं जे काही दुखणं असेल ते देवाच्या कानावर जातं. मी आदल्या दिवशीच बाबी गुरवाला गाठलं.

"बाबी, आमच्या अंगणात एक खास गाऱ्हाणं घालायचं. नाव घ्यायचं नाही."

"नाव नको? मग देवाला कळेल कसा?"

"देवाला कळतं रे!"

"देवाला कळेल," बाबी म्हणाला, "पण वाडीला कळायला हवा ना."

पालखी आली. ढोल, ताशे, गुलाल. मुंबईचे चाकरमानी, बायका, म्हातारे, सगळी वाडी आमच्या अंगणात. पालखी नाचून खाली ठेवली. हिने ओटी भरली. मृणालही माडीवरून उतरून येऊन उभी राहिली, भाविकपणे. हातात, अर्थातच, बाटली.

बाबीने डोळे मिटले आणि आवाज लावला, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी.

"ह्या घराक सुखी ठेव, गिरण चालती ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या छपराखालची एक लेक बाटलीच्या नादाक लागली हाय, तिच्या तोंडची बाटली सोडव, तिचा मोडता लगीन जोडून दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज कुणाचा असेल? मृणालचा! सवयीने, हात जोडून, अगदी मनापासून. आणि मग तिला अंगणातली शांतता जाणवली. तिने आजूबाजूला बघितलं. मला दोन मुलगे, दोघे मुंबईला. या छपराखाली लेक म्हणावी अशी एकच होती. तिने हातातल्या बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी पालखीच्या गोंड्यांकडे बघत होतो. फार सुंदर गोंडे असतात.

ती सरळ माझ्यापुढे आली. झाकण काढलं. "घ्या भाऊकाका. वास घ्या."

"अगो, लोकं बघतायत..."

"म्हणूनच. घ्या."

घेतला. कसलाच वास नाही. आता एखाद्या शहाण्याने तिथे शरणागती पत्करली असती. मी मात्र मनात म्हटलं, बिनवासाचीही मिळते म्हणे हल्ली!

"चिपळूणला तुम्हीच सांगितलंत?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "परवा शाळेला सुट्टी आहे. मी जिथे जाते तिथे माझ्याबरोबर यायचं. काकू, तुम्हीही चला."

"मी गिरण..." मी सुरू केलं.

"गिरण बंद राहील," ही म्हणाली.

गेलो. बाजारातल्या एका इमारतीपाशी रिक्षा थांबली. खाली बियरचं दुकान! मी हिला कोपर मारलं: बघ, बघ! तर मृणाल दुकानाकडे न बघता बाजूचा जिना चढून वर. वर पाटी दातांच्या दवाखान्याची. हिने माझं कोपर मला परत केलं, जरा जोरातच.

डॉक्टरीणबाई तरुण, चष्म्याची, बोलणं सुरीसारखं. मृणालने आत जाताजाता सांगितलं, "डॉक्टर, आज आधी काकांना बघा. त्यांना माझ्या तोंडाची फार काळजी आहे."

"मला काही झालेलं ना..." एवढंच बोलू शकलो. खुर्ची मागे कलली, डोक्यावर दिवा लागला आणि "आ करा."

मित्रहो, माझ्यासारख्या माणसाला तोंड उघडायला लावून बोलू न देणं याच्यापेक्षा मोठी शिक्षा देवानेही काढलेली नाही. मृणाल स्टूल ओढून शेजारी बसली आणि वर्गात शिकवावं तसं सांगायला लागली.

"काका, माझ्या आजाराचं नाव तुम्हाला सांगून उपयोग नाही, वाडीभर भलतंच होईल त्याचं. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी फौज असते. माझी फौज माझ्यावरच उलटलीय. तोंडात लाळ करणाऱ्या ग्रंथी आणि डोळ्यांत पाणी करणाऱ्या ग्रंथी, दोन्ही सुकवून टाकल्यात तिने. म्हणून डोळे लाल, म्हणून थेंब. सांधे धरतात, म्हणून सकाळी कठडा. जीभ चिकटते, म्हणून पाणी. कळतंय?"

"आं," मी म्हटलं.

"आणि दात," डॉक्टरीणबाई आरसा फिरवत म्हणाल्या, "लाळ ही दातांची राखणदार. खाल्लेलं धुऊन काढते, आंबट मारून टाकते. राखणदार गेला की कीड हिरडीपाशी घर करते. मृणाल दिवसातून किती वेळा दात जपते ते मी बघते. तरी एक गेलाच. चघळते ती बिनसाखरेची गोळी, उरलीसुरली लाळ सुटावी म्हणून. आपटून नाही पडला दात."

आपटण्याचं यांना कुणी सांगितलं? मी मान न हलवता डोळे फिरवले. आमची ही दाराशी उभी राहून छत बघत होती. फार सुंदर छत असावं.

"आता तुमचं," बाई म्हणाल्या. "मागे तीन दात नाहीत, उरलेल्यांना तसलीच कीड. जीभ सुकलेल्या सुपारीसारखी. गोळ्या काय चालू आहेत?"

"बीपीची," ही म्हणाली. "आणि शिंकेची. रोज. स्वतःच्या डोक्याने."

"शिंकेच्या गोळीने तोंड कोरडं पडतं. आणि बीपीच्या काही गोळ्यांनी हिरड्या सुजतात, तुमच्या सुजल्यात. बीपीची आपल्या मनाने बंद करायची नाही, तुमच्या डॉक्टरांना जाऊन विचारायचं. कोरडं पडलं की काय पिता?"

"कोकम सरबत," ही म्हणाली. "बाटली भरून. दिवसभर."

बाईंनी आरसा खाली ठेवला. मृणालकडे बघितलं. मृणालने त्यांच्याकडे. मग त्या मला म्हणाल्या, "म्हणजे आंबट आणि साखर, दोन्ही मिळून, लाळ नसलेल्या तोंडात, दिवसभर? काका, गिरणीत धान्य टाकता तसे दात टाकताय तुम्ही."

"आं," मी म्हटलं. दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतंच.

खाली उतरल्यावर ही मला म्हणाली, "देवाचा पण कसा गोंधळ होतो बघा. तोंड पूर्ण बंद पडायला हवं होतं कुणाचं, आणि सुकवलं कुणाचं!"

मृणाल हसली. पहिल्यांदाच हात न धरता. आणि लगेच गंभीर झाली. "काका, निखिलला आणि त्याच्या आईला मी आजाराचं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना काही अडचण नव्हती. मामांना तुमचं ऐकल्यापासून वाटतंय की आजार म्हणजे नुसतं पांघरूण. निखिल त्यांच्याशी भांडून बसलाय. उद्या मामा नाही म्हणून कळवणार आहेत."

एक वेळ दात गेलेले चालतात, पण आपल्या जिभेने दुसऱ्याचं घर वसायच्या आधी मोडलं तर कुठल्या खुर्चीत जाऊन आ करायचं?

तिथेच, बियरच्या दुकानासमोर उभा राहून मी मामांना फोन लावला.

"मामा, मी गिरणवाला भाऊ. ती मुलगी पीत नाही हो! पाणी असतं बाटलीत. लाळेच्या ग्रंथी सुकतात, शरीराची फौज उलटते, मग कीड..."

मघा खुर्चीत पडून ऐकलेलं सगळं मी उलटसुलट ओकलो. तिकडून खर्जातला आवाज, "त्या दिवशी बाटली, आज लाळ आणि फौज. भाऊ, तुम्ही सकाळी सकाळीच घेता का?"

"मी? छे हो!"

"मला त्याच दिवशी कळलं होतं. डोळे लाल, जीभ जड, बाजूला लालभडक बाटली, बोलताबोलता घोट. लपवायचीही लाज नाही! म्हणून तर तुमच्यावर विश्वास ठेवला. म्हटलं, चोराच्या वाटा चोराला ठाऊक. पिणारा माणूस सांगतोय, म्हणजे मुलगी पीत असणारच!"

आयुष्यभर दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस मी! गळ्यात माळ, एकादशी करतो! मी तोंड उघडलं, सांगणार होतो की ते सरबत होतं, शिंकेची गोळी होती, पीठ होतं...

आणि गप्प झालो. कारण समोर मृणाल उभी होती, बाटली छातीशी धरून. आणि माझ्या लक्षात आलं की लाळेची गोष्ट हा माणूस आज दुसऱ्यांदा ऐकतोय आणि दुसऱ्यांदाही मानणार नाही. तो एकाच गोष्टीवर विश्वास ठेवतोय, आणि ती त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहे. अगदी माझ्यासारखाच!

"होय मामा," मी म्हटलं. "त्या दिवशी मी प्यायलो होतो."

हिने डोळे मोठे केले.

"पिणाऱ्याला काय हो, सगळ्यांच्याच बाटलीत तीच दिसते. पोरीच्या हातात साधं पाणी होतं, मला भलतंच दिसलं. माझं पाप तिच्या माथी मारू नका."

मामांनी मोठा सुस्कारा सोडला. "हे पटलं," म्हणाले. "लाळबिळ काय सांगत होतात! सरळ बोलायचं ना आधीच. व्यसन सोडा भाऊ. बायकोकडे बघा जरा."

सुपारी फुटली. वैशाखात लग्न झालं. मामांनी मांडवात माझा हात धरून मला पंगतीत स्वतःशेजारी बसवून घेतलं, मी कुठे जाऊन पिऊ नये म्हणून. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "माणूस मनाने चांगला आहे, फक्त ते एक..."

ते एक मग वाडीत पोचायला कितीसा वेळ लागतो? नाना, नारळवाला, सगळे माझेच चेले. आता माझी लक्षणंही बघा. डॉक्टरांनी शिंकेची गोळी बदलून दिली, तोंडाला फडकं बांधून गिरण चालवतो, सरबत बंद. पण तोंड अजून पूर्ण ओलं होत नाही. तेव्हा हातात स्टीलची बाटली, साध्या पाण्याची, मृणालनेच आणून दिलेली. आणि तोंडात बिनसाखरेची गोळी. लोक म्हणतात, वास लपवतोय!

यंदाच्या शिमग्याला मृणाल आणि निखिल मुद्दाम आले होते. पालखी अंगणात टेकली. बाबी गुरवाने डोळे मिटण्याआधी एकदा माझ्याकडे बघितलं. आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरच्या भाऊच्या तोंडची बाटली सोडव रे म्हाराजा!"

सगळी वाडी गरजली. सगळ्यांत खणखणीत आवाज आमच्या हिचा, त्याच्या खालोखाल मृणालचा. आणि सवय मेली वाईट असते हो! मीसुद्धा ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

हात मात्र एकच उचलला. दुसऱ्यात बाटली होती.